मधुचंद्राचें गांव

गेल्या वर्षीं माघ महिन्यांत एके दिवशीं संध्याकाळीं आमचे एक स्नेही घरीं आले. रत्नागिरींतल्याच एका शाळेंत आयुष्यभर गणित शिकवून ते आतां निवृत्त झालेले आहेत. गृहस्थ मितभाषी, कामावांचून कोणाकडे जाणार नाहींत, आणि काम असलें तरी तें चहाचा दुसरा पेला झाल्याखेरीज सांगणार नाहींत. त्या दिवशीं मात्र बसतांच त्यांनीं खिशांतून एक घडी केलेला कागद काढून आमच्यापुढें ठेवला. कागदावर सात नांवें होतीं: पॅरिस, व्हेनिस, रोम, व्हिएन्ना, प्राग, ल्यूसर्न आणि सांतोरिनी. "मुलाचें लग्न वैशाखांत आहे," ते म्हणाले, "लग्नानंतर दोघांना परदेशीं जावयाचें आहे. प्रवासाची व्यवस्था करणाऱ्या एका कचेरीनें ही यादी दिली. सगळीं गांवें प्रेमी जनांचीं म्हणून प्रसिद्ध आहेत म्हणे. तुम्ही पुष्कळ वाचलेलें आहे. यांतलें सर्वांत चांगलें कोणतें, तेवढें सांगा."

आम्हीं पुष्कळ वाचलेलें आहे हा स्नेह्यांचा गैरसमज आहे, आणि परदेशाच्या बाबतींत तर आमची मजल नकाशापलीकडे गेलेली नाहीं. तरी कागद हातीं घेतला. बोलतां बोलतां असें कळलें कीं, या दहा दिवसांचा खर्च मुलगा कर्ज काढून करणार होता आणि पुढें दोन वर्षें हप्ते फेडणार होता. तें टळावें म्हणून वडील बँकेंतली आपली मुदतीची ठेव मोडण्याच्या विचारांत होते. ती ठेव कशासाठीं ठेवलेली होती हें त्यांनीं सांगितलें नाहीं व आम्हीं विचारलें नाहीं. परंतु दोन वर्षांपूर्वीं त्यांच्या पत्नीच्या गुडघ्यांच्या शस्त्रक्रियेची गोष्ट निघाली होती आणि मग ती पुढें ढकलली गेली होती, हें आम्हांस ठाऊक होतें.

येथवर वाचून वाचकांस वाटेल कीं, आतां आम्ही तरुण पिढीच्या उधळेपणावर एक प्रवचन झोडणार. तसा मोह आम्हांस झाला नाहीं असें नाहीं. परंतु कागद आमच्याकडेच राहिला, आणि तो जितक्या वेळां दृष्टीस पडला तितक्या वेळां प्रश्न वाटला होता तितका सोपा नाहीं असें दिसूं लागलें. एखादें गांव प्रेमाला अनुकूल आहे असें म्हणतात त्याचा अर्थ काय? दोन माणसांच्या संसाराचा आरंभ परक्या मुलुखांत व्हावा या इच्छेंत केवळ हौसच आहे, कीं कांहीं न्याय्य मागणीहि आहे? आणि मागणी न्याय्य असेल, तर तिची किंमत कोणीं द्यावी? या तीन प्रश्नांचा येथें थोडा विचार करण्याचें योजिलें आहे.

प्रथम शब्दाकडे पाहूं. 'मधुचंद्र' हें इंग्रजी शब्दाचें अक्षरश: भाषांतर आहे. तो शब्द आपल्याकडे आला तेव्हां त्याच्याबरोबर मध आला, चंद्रहि आला. पण एक गोष्ट वाटेंत गळाली. इंग्लंडांत हा शब्द सोळाव्या शतकापासून आढळतो, आणि १५५२ सालीं रिचर्ड ह्यूलेट या कोशकारानें त्याचा जो अर्थ दिला त्यांत प्रवासाचें नांवहि नाहीं. नव्यानें लग्न झालेल्या जोडप्याचें प्रेम आरंभीं उतूं जातें आणि पुढें तें ओसरेल अशीं चिन्हें दिसतात. त्या आरंभींच्या काळाला सामान्य लोक हें नांव देतात, असा त्याचा आशय आहे. म्हणजे चंद्र घेतला तो पौर्णिमेच्या शोभेसाठीं नव्हे, तर पौर्णिमेनंतर तो कलेकलेनें कमी होतो म्हणून. त्या शब्दांत थट्टा होती आणि थोडी ताकीदहि होती. आपल्याला चंद्र म्हटला कीं कोजागिरी आठवते, वद्य पक्ष आठवत नाहीं. त्यामुळें मराठींत थट्टाहि उरली नाहीं आणि ताकीदहि उरली नाहीं.

लग्नानंतरचा प्रवास ही तर त्याहूनहि पुष्कळ अलीकडची चाल. एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडांतील सुखवस्तु घरांतलीं नवीं जोडपीं लग्नाला येऊं न शकलेल्या आप्तांच्या भेटीसाठीं दौऱ्यावर निघत, आणि कित्येकदां घरचीं माणसें वा मित्रमंडळीहि त्यांच्याबरोबर असत. हें वाचून आम्हांस मोठें समाधान वाटलें. कारण आमच्या लग्नानंतर आम्हीहि गुहागरला व्याडेश्वराच्या दर्शनास गेलों होतों, आणि भाड्याच्या त्या एका जीपगाडींत आम्ही अकरा जण होतों. त्या प्रवासांत आमचें आणि आमच्या सौभाग्यवतींचें जें संभाषण झालें त्यांतलें, "नारळ कोणत्या पिशवींत आहेत?" एवढें एकच वाक्य आम्हांस आठवतें. जेजुरीला नवरदेव नवरीला उचलून घेऊन गडाच्या पायऱ्या चढतो. तेथेंहि भोंवतीं सगळें गोत असतें. तेव्हां लग्नानंतर घराबाहेर पडणें आपल्याला नवें नाहीं. नवें आहे तें दोघांनींच जाणें, आणि देव सोडून शहर गांठणें.

आतां या शहरांचा प्रेमाशीं संबंध कसा जडला तें पाहूं. आमच्या यादींत नसलेलें, पण अशा याद्यांत नेहमीं येणारें इटलींतलें व्हेरोना घ्या. शेक्सपिअरच्या रोमिओ आणि ज्यूलिएट यांच्या शोकांत कथेमुळें जगभरचीं जोडपीं तेथें जातात आणि ज्यूलिएटच्या घराचा सज्जा पाहून येतात. घर मध्ययुगांतलें आहे हें खरें. पण ज्यूलिएट ही नाटकांतली नायिका, आणि तो सज्जा १९३० नंतरच्या दशकांत डागडुजी करतांना त्या घराला जोडलेला आहे. येणारांना सज्जा हवा होता, गांवानें तो दिला. पॅरिसमध्यें सेन नदीवर पों दे झार नांवाचा पादचाऱ्यांचा पूल आहे. त्याच्या कठड्याला दोघांचीं नांवें लिहिलेलें कुलूप लावावें आणि किल्ली नदींत टाकून द्यावी, अशी रीत पडली होती. २०१४ च्या जून महिन्यांत कुलुपांच्या भारानें कठड्याचा एक भाग कोसळला, आणि पुढच्या वर्षीं नगरपालिकेनें सुमारें ४५ टन कुलुपें काढून नेलीं. अखंड प्रेमाच्या साक्षीला लावलेलें कुलूप नगरपालिकेच्या गाडींतून गेलें तेव्हां त्या त्या संसाराचें कांहीं बिघडलें असेल असें आम्हांस वाटत नाहीं. तें जागेवर असतांना कांहीं सुधारलें होतें असेंहि वाटत नाहीं.

आपल्याकडे स्वित्झर्लंडची आवड चित्रपटांनीं लाविली. बर्फाच्या डोंगरांपुढें नायक-नायिकांना गावयास लावणाऱ्या यश चोप्रांचा पुतळा २०१६ सालीं तेथल्या इंटरलाकेन गांवीं उभारला गेला, तो कृतज्ञतेचा म्हणावा कीं व्यवहाराचा, हें ज्यानें त्यानें ठरवावें. व्हेनिसची गोष्ट मात्र खिन्न करणारी आहे. १९५० च्या सुमारास पाण्यावरच्या त्या जुन्या शहरांत पावणेदोन लाखांच्या आसपास माणसें राहात होतीं. २०२२ सालीं ती संख्या पन्नास हजारांच्याहि खालीं गेली. २०२४ पासून गर्दीच्या ठराविक दिवशीं केवळ दिवसापुरतें येणारांकडून प्रवेशाचें शुल्क घेण्यास आरंभ झाला. जेथें जगांतलीं जोडपीं संसाराचा श्रीगणेशा करण्यास येतात, तेथें त्याच गांवच्या तरुण जोडप्यांना संसार थाटण्यापुरती परवडणारी जागा मिळणें कठीण झालें आहे. प्रेमाचें म्हणून प्रसिद्धीस आलेलें गांव अशा रीतीनें त्यांत राहणारांचें गांव राहात नाहीं.

यावरून एवढें तरी निष्पन्न होतें कीं, गांव हें स्वभावत: प्रेमाचें नसतें. तें तसें ठरविलें जातें. नाटकानें, चित्रपटानें, व्यापारानें, आणि पुढें केवळ मागचे गेले म्हणून पुढचे जातात या न्यायानें. मग आम्ही स्नेह्यांस असें कां लिहून कळविलें नाहीं कीं, "शहरें सर्व सारखीं, मुलांना घरीं बसूं द्या"? तसें एक पत्र खरोखर लिहून ठेविलें होतें. तें पाठविण्यापूर्वीं एक गोष्ट घडली.

फाल्गुनांत आम्हीं त्या मुलाला व त्याच्या नियोजित वधूला केळवणास बोलाविलें. मुलगा बडबड्या आणि दिलदार. पॅरिस कीं व्हेनिस, एवढाच प्रश्न त्याच्या मतें आतां उरला होता, आणि दोन्हींकडच्या उपाहारगृहांचीं नांवें त्याला पाठ होतीं. मुलगी ऐकत होती. आमच्या सौभाग्यवतींनीं वाढतां वाढतां तिला सहज विचारलें, "तुला ग काय आवडेल?" ती जराशी थांबली. मग म्हणाली, "काकू, खरं सांगूं? मला कुठलंहि चालेल. जिथं ओळखीचं कोणी भेटणार नाहीं, असं गांव हवं." पानावरचें सगळें बोलणें थांबलें. मुलगा तिच्याकडे पाहातच राहिला. कारण तीन महिने शहरांची चर्चा चालली होती, पण तिला हें कोणीं विचारलेंच नव्हतें.

आम्ही त्या मुलीचें घर ओळखतों. ती अशा आळींत वाढली आहे कीं, संध्याकाळीं मांडवीच्या बंदरावर ती मैत्रिणीशीं दोन शब्द अधिक बोलली, तर ती घरीं पोहोंचण्यापूर्वीं ती बातमी घरीं पोहोंचलेली असे. आणि लग्न होऊन ती जेथें जाणार होती तें आमच्या स्नेह्यांचें घरहि आम्हांस माहीत आहे: माणसें सोन्यासारखीं, परंतु खोल्या तीन, भिंती पातळ, आणि मधल्या दाराची कडी पावसाळ्यांत फुगून बसत नाहीं. या दोन घरांच्या मध्यें तिला कांहीं दिवस असे हवे होते कीं, ज्यांत ती कोणाची मुलगी नसेल आणि कोणाची सूनहि नसेल. ही मागणी हौसेची नव्हे. ती आम्हांस न्याय्य वाटली, आणि आमचें पत्र आम्हीं फाडून टाकिलें.

ही मागणी आजची आहे असेंहि नाहीं. पूर्वींच्या पिढीनें ती तोंडानें बोलून दाखविली नाहीं इतकेंच. रमाबाई रानडे यांच्या आठवणींचें पुस्तक १९१० सालीं प्रसिद्ध झालें आणि मराठी घरांतून तें पुढें पुष्कळ वाचलें गेलें. महादेव गोविंद रानड्यांशीं त्यांचा विवाह १८७३ सालीं झाला, तेव्हां त्या अकरा वर्षांच्या होत्या. पतीनें शिकवावयाचें ठरविलें आणि त्यांनीं शिकावयाचें ठरविलें. पण पुण्याच्या भरल्या घरांत बायकामंडळींचा रोष असा कीं, पुस्तक हातीं धरणें हाच अपराध. १८७८ सालीं रानड्यांची नाशिकला बदली झाली. सरकारला त्यांच्या पुण्यांतल्या सार्वजनिक उद्योगांचा संशय होता. म्हणजे बदली ही त्यांच्यापुरती नाराजीचीच खूण होती. परंतु त्या परक्या गांवीं पतिपत्नींना स्वत:चें घर आणि स्वत:चा वेळ मिळाला, आणि अभ्यास मोकळेपणानें होऊं लागला. आमच्या मतें मराठी मध्यम वर्गाचें खरें मधुचंद्राचें गांव तीन पिढ्या हेंच होतें: नवऱ्याच्या बदलीचें गांव. तेथें चंद्र होता कीं नाहीं कोण जाणे. पण तेथें तिसरें माणूस नव्हतें. आपल्यापैकीं कित्येकांच्या आया-आज्या बदलीच्या एखाद्या धुळकट तालुक्याचें नांव ज्या सुरांत घेतात, तो सूर ज्यांनीं ऐकला असेल त्यांना आमचें म्हणणें पटेल.

तेव्हां परक्या गांवाचा गुण त्याच्या सौंदर्यांत नसून परकेपणांत आहे असें म्हणावें काय? तसें म्हणण्यापूर्वीं थोडें थांबावें लागतें. कारण ज्या गांवांत बसून आम्ही हें लिहीत आहों, त्याच गांवांत एका जोडप्याला हें परकेपण भरपूर मिळालें होतें. ब्रह्मदेशाचा राजा थिबा आणि राणी सुपयालत यांना १८८५ च्या नोव्हेंबरांत इंग्रजांनीं मंडालेहून हलविलें. आधीं मद्रासला, आणि १८८६ च्या एप्रिलांत रत्नागिरीला. दोघांचीहि वयें तेव्हां सत्तावीसच्या आंतबाहेर होतीं, म्हणजे आमच्या स्नेह्यांच्या मुलाएवढींच. बरोबर लहान मुली होत्या, आणि राणीची धाकटी बहीण होती, तीहि राजाची राणीच. चवथी राजकन्या १८८७ सालीं येथेंच जन्मली. सरकारी देखरेखीखालीं पंचवीसेक वर्षें बंगल्यांत काढल्यावर १९१० सालीं त्यांच्यासाठीं खाडीवरच्या उंचवट्यावर राजवाडा पुरा झाला. १९१६ च्या डिसेंबरांत राजा तेथेंच वारला. राणी १९१९ सालीं रंगूनला परतली आणि १९२५ सालीं तेथें वारली. राजाची समाधि रत्नागिरींतच राहिली. २०१२ सालीं त्याच्या देशाचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन तिच्या दर्शनासाठीं येथें येऊन गेले.

या जोडप्यास आदर्श म्हणून पुढें करण्याचा आमचा मुळींच हेतु नाहीं. त्यांच्या राज्यारोहणानंतर १८७९ सालीं मंडालेच्या राजवाड्यांत स्वत:च्याच आप्तांची जी हत्या झाली तिचा डाग त्या कारकीर्दीवर कायमचा आहे. आमचा प्रश्न निराळा आहे. यादींतलीं सातहि शहरें जें जें देऊं करतात तें तें यांच्याजवळ होतें. वाडा होता, खाडी होती, समुद्रावरचा सूर्यास्त होता, आणि ज्यांची भाषा कळत नाहीं व ज्यांना आपलें कुळशील ठाऊक नाहीं असा सभोंवतालचा लोक होता. आज त्याच उंचवट्यावर, ज्याला लोक थिबा पॉइंट म्हणतात, पुण्या-कोल्हापूरचीं नवीं जोडपीं भाट्याच्या खाडीकडे पाठ करून छायाचित्रें काढून घेतात. तोच समुद्र, तोच सूर्यास्त. एकाला जें तुरुंग, तें दुसऱ्याला सुखाचें ठिकाण कां? आम्हांस दोनच गोष्टींचा फरक दिसतो. थिबा-सुपयालत आपण होऊन आलीं नव्हतीं. आणि त्यांना परत जातां येत नव्हतें.

विचार करूं लागलें म्हणजे या दुसऱ्या गोष्टीचें मर्म लक्षांत येतें. परक्या गांवाचें परकेपण गोड लागतें तें परतीचें तिकीट खिशांत आहे म्हणून. दहा दिवस आपल्याला कोणी ओळखत नाहीं ही मौज. तीस वर्षें कोणी ओळखूं नये ही शिक्षा. जी मुलगी "ओळखीचं कोणी नको" म्हणते, तिला हें पक्कें ठाऊक असतें कीं, अकराव्या दिवशीं रत्नागिरीच्या स्थानकावर सासरा उभा असणार आहे. परदेशाची सगळी गोडी अशी घराच्या उसनवारीवर असते. तें घरच जर त्या गोडीसाठीं झिजविलें, तर ज्या फांदीवर बसावयाचें तीच तोडण्यासारखें होतें. सासूचे गुडघे तसेच ठेवून पाहिलेला सूर्यास्त परत आल्यावर रोज त्या गुडघ्यांच्या रूपानें समोर उभा राहील. दोन वर्षांचे हप्ते हे केवळ पैशांचे नसतात. ज्या पहिल्या दोन वर्षांत दोघांनीं एकमेकांना हंसून समजून घ्यावयाचें, तीं दोन वर्षें महिन्याच्या अखेरीच्या चिंतेंत जातात.

आणखी एक माणूस या राजवाड्याच्या कथेंत आहे, आणि तिची आठवण केल्यावांचून ही कथा सोडतां येत नाहीं. थोरली राजकन्या इतरांबरोबर ब्रह्मदेशीं गेली, पण पुन्हां रत्नागिरीस परत आली. कारण तिचा जीव राजवाड्यावरील एका नोकरांत, गोपाळ सावंतांत, गुंतला होता आणि त्यांची मुलगी टुटू येथलीच होती. सावंत आधींच विवाहित होते. राजकन्येचें पुढचें आयुष्य दारिद्र्यांत गेलें आणि १९४७ सालीं ती येथेंच निवर्तली. टुटू मराठी बोलत, मराठी संसार करीत याच गांवांत म्हातारी झाली. यांत सुखाची गोष्ट फारशी नाहीं, आणि तशी ती रंगविणें हा त्या बाईवर अन्याय होईल. पण आईला जें गांव तुरुंग वाटलें, त्याच गांवाकडे मुलगी आपल्या पायांनीं परत आली, हें खरें आहे. गांव तेंच होतें. येणें निराळें होतें.

यावर आमचे कांहीं तरुण वाचक म्हणतील, "आयुष्यांत एकदांच घेतलेल्या आनंदाला तुम्ही तागडी कां लावतां? काटकसरीच्या नांवाखालीं तुमच्या पिढीनें तरी कोणतें सुख मिळविलें?" हा आक्षेप आम्हांस खरोखर लागतो. आम्ही दोघांनींच केलेला पहिला प्रवास लग्नानंतर बावीस वर्षांनीं घडला, आणि तोहि मिरजेला, सौभाग्यवतींच्या डोळ्यांच्या शस्त्रक्रियेसाठीं. डोळ्यांवर पट्टी होती, वाचण्यासारखें कांहीं नव्हतें, भेटावयास येणारें कोणी नव्हतें. त्या रात्रीं त्यांनीं सहज बोलतां बोलतां सांगितलें कीं, आपण मूळच्या घाटावरच्या असल्यामुळें रत्नागिरीस आल्यावर पहिलीं दोन वर्षें रात्रींच्या समुद्राच्या आवाजानें भिऊन जाग्या राहात होतों. आम्ही शेजारीं झोंपलेले होतों. बावीस वर्षें हें आम्हांस ठाऊक नव्हतें. कारण अकरा माणसांच्या जीपगाडींत नारळांची चौकशी करतां येते, भीतीची करतां येत नाहीं. तेव्हां काटकसर हीच नीति आणि एकांत ही चैन, असें म्हणण्याचा अधिकार निदान आम्हांस नाहीं.

म्हणून आम्ही असें म्हणतों कीं, जावें. परंतु शहर निवडण्यापूर्वीं दोन साध्या गोष्टी दोघांनीं एकमेकांस विचाराव्या. पहिली ही कीं, एकहि छायाचित्र काढावयाचें नाहीं आणि गेल्याचें कोणास सांगावयाचें नाहीं असें ठरलें, तरीहि आपण याच गांवीं जाऊं काय? ज्याचें उत्तर 'नाहीं' असें येईल तें गांव आपल्यासाठीं निवडलेलें नसून शेजाऱ्यांसाठीं निवडलेलें आहे. आणि हल्लीं यांत एक नवाच घोंटाळा झाला आहे. पूर्वीं माणूस गांवाबाहेर पडलें कीं आळी मागें राहात असे. आतां ती हातांतल्या फोनमधून बरोबर येते. सकाळीं काढलेलें चित्र दुपारीं शंभर घरांत पोहोंचतें आणि संध्याकाळीं त्यावर मामी-मावश्यांचे अभिप्राय येतात. ज्या मुलीला ओळखीचें कोणी भेटावयास नको होतें, तिला पॅरिसच्या पुलावरहि सगळी आळी भेटते. मग एवढें लांब जाऊन मिळविलें काय?

दुसरी गोष्ट अशी कीं, आपल्या या आनंदाची किंमत तिसरें कोणी, न बोलतां, देत नाहीं ना? न बोलतां हा शब्द महत्त्वाचा आहे. आईबापांनीं संतोषानें दिलेलें घेण्यांत कांहीं वावगें नाहीं. पण आपल्याकडचीं आईबापें 'नाहीं' म्हणत नाहींत, हें मुलांना पुरतें माहीत असतें. म्हणून येथें विचारण्यानें भागत नाहीं; पाहावें लागतें. या दोन प्रश्नांतून जें गांव पार पडेल तें पॅरिस असो कीं पन्हाळा असो, मधुचंद्रास योग्य आहे असें आम्ही समजूं. आणि हे दोन प्रश्न एकमेकांस विचारतां येणें, हा स्वत:च संसाराचा कांहीं लहान आरंभ नव्हे.

स्नेह्यांना आम्हीं शेवटीं शहराचें नांव सांगितलें नाहीं. केळवणाच्या दिवशीं मुलीनें जें सांगितलें तें मात्र, तिची परवानगी घेऊन, सांगितलें. पुढचें त्या घरांत काय बोलणें झालें तें आम्हांस ठाऊक नाहीं. लग्न वैशाखांत झालें. श्रावणांत ती ठेव मोडली गेली, पण गुडघ्यांसाठीं. मुलानें कर्ज काढिलें नाहीं. दोघांच्या पगारांतून जेवढें सांठलें तेवढ्यावर मार्गशीर्षांत, गर्दी आणि भाडीं उतरल्यावर, दहांऐवजीं पांचच दिवस दोघें व्हेनिसला जाऊन आलीं.

आल्यावर भेटावयास आलीं तेव्हां आम्हीं उत्सुकतेनें विचारलें, "काय पाहिलेंत?" मुलगा सांगूं लागला होता, पण मुलगीच हंसून म्हणाली, "काका, आम्ही तिथं भांडलों." दुसऱ्या दिवशीं अंधार पडतांना दोघें वाट चुकलीं. तेथल्या बोळांना एक संवय आहे. ते वळणें घेत घेत जातात आणि अचानक पाण्याशीं संपतात. तीन वेळां पाण्याशीं येऊन थांबल्यावर कोणाच्या चुकीनें वाट चुकली यावरून लग्नानंतरचें त्यांचें पहिलें खरें भांडण झालें. "घरीं असतें तर मी आईंना सांगितलं असतं, नाहींतर माहेरीं फोन केला असता," ती म्हणाली, "तिथं सांगणार कोणाला? फोनहि बंद पडला होता. शेवटीं यालाच सांगावं लागलं." पाऊण तास एका बंद दुकानाच्या पायरीवर दोघें बसलीं होतीं. त्या पायरीचें छायाचित्र नाहीं.

आमच्या स्नेह्यांनीं दिलेला तो सात नांवांचा कागद अद्याप आमच्यापाशीं आहे. ज्यांच्या घरीं येत्या लग्नसराईंत असाच एखादा कागद येईल, त्यांनीं त्यांतलें सर्वांत चांगलें गांव कोणतें हें आम्हांस विचारूं नये. जमल्यास, आधीं मुलीला विचारावें.